चेहऱ्याला लावण्याआधी डबी वाचा

गेल्या लग्नसराईत वस्तीतील एक मुलगी आईसोबत आमच्याकडे आली. लग्न आठ दिवसांवर आलेले. दोन्ही गाल लाल, त्यावर बारीक पुटकुळ्या, उन्हात गेली की जळजळ. "ताई, स्वस्तातला मेकअप घेतला, तो चेहऱ्यावर उठला," आई म्हणाली. आम्ही मुलीला पिशवीतले सगळे बाहेर काढायला सांगितले. फाउंडेशनची बाटली निघाली, कॉम्पॅक्ट निघाला आणि तळाशी पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब निघाली. "ही तर नुसती गोरं व्हायची क्रीम. मेकअपच्या आधी रोज लावते, सहा महिने झाले," मुलगी म्हणाली. दोष स्वस्त फाउंडेशनचा नव्हता, त्या ट्यूबचा होता. तिच्याविषयी पुढे सांगतोच.

लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो की दुकानात सेल्सगर्लची नोकरी, आपल्या मुली मेकअप करणार आणि त्यांनी तो हौसेने करावा. महाग डबी घेतली म्हणजे चेहरा सुरक्षित, असे नसते. कमी पैशांतही चांगली वस्तू मिळते. फक्त आपली त्वचा ओळखून आणि डबीवरचे वाचून घ्यावी लागते.

आधी त्वचा ओळखा

यासाठी पार्लरमध्ये जायला नको. सकाळी सौम्य साबणाने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग आरशात बघा आणि पातळ टिश्यू पेपर चेहऱ्यावर दाबा.

सगळ्या चेहऱ्यावर चकाकी आली, कागदाला तेल लागले, तर त्वचा तेलकट. चेहरा ओढल्यासारखा वाटला, पांढुरके पापुद्रे दिसले, तर कोरडी. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे असतील तर मिश्र. साबण बदलला, ऊन लागले तरी खाज येते, लाली येते, ती संवेदनशील त्वचा. त्वचा ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात तेलकट वाटणारा चेहरा डिसेंबरात कोरडा पडू शकतो.

कोणत्या त्वचेला काय

तेलकट त्वचा : 'मॅट' किंवा 'ऑइल-फ्री' लिहिलेले पातळ फाउंडेशन घ्या. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रे न बुजवणारे, असा शब्द असेल तर चांगलेच, पण ती पक्की हमी समजू नका. मेकअपखाली खोबरेल तेल लावू नका, पुटकुळ्या वाढतात. दुपारी चेहरा चमकू लागला की पावडरचा थरावर थर देऊ नका. आधी टिश्यूने तेल टिपा, मग हलका कॉम्पॅक्ट फिरवा.

कोरडी त्वचा : आधी मॉइश्चरायझर, पाच मिनिटे थांबून मग रंग. ग्लिसरीन असलेले साधे मॉइश्चरायझर पुरते. फाउंडेशन 'ड्यूई', 'हायड्रेटिंग' किंवा क्रीमसारखे घ्या. पावडर टाळा, ती पापुद्र्यांवर बसते आणि चेहरा भेगाळल्यासारखा दिसतो.

मिश्र त्वचा : दोन बाटल्या घ्यायची गरज नाही. एकच हलके फाउंडेशन किंवा बीबी क्रीम घ्या. मॉइश्चरायझर गालांवर जास्त आणि पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर.

संवेदनशील त्वचा : सुगंध नसलेली, कमीत कमी घटकांची वस्तू घ्या. नवीन डबी आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून बघा, दिवसातून दोनदा, पाच-सहा दिवस. काही जणींना खाज लगेच येत नाही, दोन-तीन दिवसांनी येते. म्हणून लग्नाच्या सकाळी नवीन डबी उघडू नये.

एकाच नावाच्या वस्तूत दोन प्रकार असतात, हे दुकानात लक्षात ठेवा. मेबलिनच्या 'फिट मी' फाउंडेशनमध्ये तेलकट त्वचेसाठी मॅट आणि कोरड्या त्वचेसाठी ड्यूई असे वेगळे प्रकार आहेत. नुसते नाव सांगितले तर दुकानदार हाताला येईल ते देतो. आपण प्रकार सांगून मागावे.

पैसे मोजकेच असतील तर आधी मॉइश्चरायझर घ्या, मग फाउंडेशन. फाउंडेशनचे दोन थेंब मॉइश्चरायझरमध्ये तळहातावर मिसळले की रोजच्यासाठी हलकी रंगीत क्रीम तयार होते आणि बाटली जास्त दिवस पुरते.

रंग आपला निवडा

दुकानात बहुतेक वेळा आपल्याला एक-दोन छटा उजळ दिली जाते आणि आपणही ती आनंदाने घेतो. मग चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढुरका दिसतो आणि मान वेगळीच. छटा मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा मानेला मिळतो, तिथे रेघ ओढा आणि दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, बाहेर येऊन उजेडात बघा. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली छटा. दहा मिनिटे थांबून पुन्हा बघा, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात.

वांगाचे किंवा डोळ्यांखालचे काळे डाग झाकायचे असतील तर त्यावर उजळ फाउंडेशन थापू नका, डाग राखेसारखा दिसतो. आधी नारिंगी छटेचा करेक्टर बोटाने थोडासा लावा, त्यावर आपल्या रंगाचे फाउंडेशन. फाउंडेशनवर एसपीएफ लिहिले असले तरी आपण ते इतके पातळ लावतो की उन्हापासून पुरेसे रक्षण होत नाही. वांग असलेल्या बहिणींनी वेगळे सनस्क्रीन लावावे, एसपीएफ ३० किंवा जास्त.

डबीवर काय वाचायचे

आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची शेवटची तारीख असलीच पाहिजे. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक हवा. यातले काहीच नसेल तर ती डबी दहा रुपयांतही महाग आहे. घटकांची यादीही वाचा. ज्याचे प्रमाण जास्त, ते नाव आधी येते. अगदी छोट्या पॅकवर ही यादी नसू शकते, तेव्हा त्याच मालाच्या मोठ्या पॅकवर बघा.

उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात '१२ एम' असेल, तर उघडल्यापासून बारा महिने वापरा असा अर्थ. उघडल्याची तारीख डबीच्या तळाशी पेनाने लिहून ठेवा. वास बदलला, तेल वेगळे झाले की तारीख उरलेली असली तरी टाकून द्या.

आठवडी बाजारात, फुटपाथवर नामांकित कंपनीची वस्तू निम्म्याहून कमी भावात मिळाली तर ती बनावट असण्याची शक्यता मोठी. नावाचे स्पेलिंग बघा, सील बघा. पक्के बिल देणाऱ्या दुकानातली ओळखीच्या देशी कंपनीची साधी वस्तू त्यापेक्षा केव्हाही बरी.

आता त्या ट्यूबविषयी

मुलीच्या ट्यूबवर तीन औषधे लिहिली होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचे स्टिरॉइड आहे. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक दिवसांपुरते देतात. ती मेकअपची क्रीम नव्हे. स्टिरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळ, नितळ दिसतो आणि फसगत होते ती तिथेच. महिनोन्महिने लावले की कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर केस वाढतात, आणि बंद केले की लाली व आग होते. मग बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. नायट्यावर लावले तर नायटा दबल्यासारखा वाटतो आणि आतून पसरतो.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे ओळखून ठेवा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अशा मलमांना 'शेड्यूल एच'मध्ये घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ट्यूबवर लाल उभी रेघ किंवा 'आरएक्स' दिसले तर ते औषध आहे, प्रसाधन नाही. ते मैत्रिणीकडून मागून लावू नये.

दुसरा धोका पाऱ्याचा. नाव-पत्ता नसलेल्या, काही आठवड्यांत गोरेपणा देणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडतो. नियमाने साध्या प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. अशी क्रीम लावणाऱ्या कोणाचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम थांबवा आणि ट्यूब घेऊनच दवाखान्यात जा.

यावरून एक साधी खूण सांगतो. मेकअप रात्री धुतला की निघून जातो. जी क्रीम धुतल्यावरही रंग बदलून ठेवते, ती मेकअप नव्हे. ती एकतर औषध आहे, नाहीतर विष.

लावताना, काढताना

मेकअप लावून झोपू नका. कोरड्या त्वचेवर कापसाने थोडे खोबरेल तेल फिरवून मेकअप सैल करा आणि सौम्य साबणाने धुवा. तेलकट त्वचेला साबण-पाणीच दोनदा वापरा. स्पंज आठवड्यातून एकदा तरी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. लग्नघरी एकच लिपस्टिक, एकच काजळ दहा जणींत फिरते. ते टाळा, ओठांवरचे फोड आणि डोळे येणे असेच पसरते.

त्या मुलीला आम्ही सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेले. डॉक्टरांनी ट्यूब बंद केली, सनस्क्रीन आणि साधे मॉइश्चरायझर दिले. लग्नात तिने डॉक्टरांना विचारून अगदी हलके लावले, तेही आपल्या छटेचे. गाल पूर्ण निवायला पुढे काही महिने लागले. पण त्या दिवशी फोटोत चेहरा आणि मान एकाच मुलीची दिसत होती.

आज घरातल्या डब्या आणि ट्यूबा एकदा चादरीवर ओता. ज्यांच्यावर नाव-पत्ता नाही त्या बाजूला करा, ज्यांच्यावर वरची औषधांची नावे आहेत त्या डॉक्टरांना दाखवा. कोणी दुकानदार चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब देत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला डबी वाचायला सांगा. ती वाचता वाचता स्वतःही शिकेल.