गिरणीच्या धुरापुढे कोणते झाड टिकते?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावासारख्या वस्तीला शेत व शहर या दोहोंचा शेजार असतो. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू झाली की जिल्ह्यातील भातगिरण्यांना वेग येतो. धान भरडल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके तूस निघते. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत पुष्कळदा तेच तूस बॉयलरखाली जाळतात. त्याची राख फार हलकी असते. ती धुराड्यातून व उघड्या ढिगांवरून वाऱ्यासरशी उडते आणि रस्त्यावरील धुळीत मिसळून झाडांच्या पानांवर बसते.

धुळीच्या थरामुळे पानास सूर्यप्रकाश कमी मिळतो व त्याची सूक्ष्म रंध्रे बुजतात. त्यात कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायूची भर पडली की शिरांमधील भाग पिवळा पडून करपतो. हा त्रास सर्व झाडे सारखा सोसत नाहीत. सिंग व राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ साली पानातील हरितद्रव्य, क जीवनसत्त्व, रसाची आम्लता व पाण्याचा अंश या चार गोष्टींवरून झाडाची सहनशीलता मोजण्याची रीत घालून दिली. त्या रीतीने केलेल्या तपासण्यांत वड, पिंपळ व आंबा ही आपल्या ओळखीची झाडे बहुधा वरच्या क्रमांकात येतात.

परंतु धूर सोसणे निराळे आणि धूळ अडविणे निराळे. सागाचे पान रुंद व खरखरीत असल्याने त्यावर धूळ चांगली धरते. पण धुळीचा जोर असतो त्या कोरड्या दिवसांतच साग निष्पर्ण होतो. पळसाचीही तीच गत. म्हणून वस्ती व गिरणी यांच्यामध्ये आंबा, जांभूळ, बकुळ अशी सदाहरित झाडे लावावीत. कडुनिंब व करंज यांची पानगळ अल्पकाळाची असते, तेव्हा तीही चालतील. वड-पिंपळ मात्र घराच्या भिंतीपासून व विहिरीपासून दूरच बरे. अलीकडे सर्वत्र सप्तपर्णी लावण्याची हौस दिसते. झाड काटक खरे, पण फुलोऱ्याच्या दिवसांत त्याचा उग्र वास अनेकांना सोसवत नाही. शाळेजवळ ते लावू नये, असे आमचे मत आहे.

एका ओळीने काम भागत नाही. दोन-तीन ओळी अशा लावाव्यात की मागचे झाड पुढच्या दोन झाडांमधील मोकळ्या जागेसमोर येईल. पुढे कण्हेरीचे कुंपण करता येते. मात्र कण्हेर विषारी आहे, तिच्या छाटलेल्या फांद्या गुरांपुढे पडू देऊ नयेत.

ग्रामसेवकांनी लागवडीपूर्वी एक साधी पाहणी करावी. हिवाळ्यात गिरणीजवळच्या व शेतातल्या एकाच जातीच्या झाडांची पाने ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसावीत. दोन्ही फडकी ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवली म्हणजे धुराड्यावर राख अडविणारे यंत्र बसवा, हे गिरणीमालकास सांगणे सोपे जाते. रोपे राख पकडतील म्हणून त्या यंत्राची गरज टळत नाही. रोपांना तर पहिली दोन वर्षे आपणच जपावयाचे असते: उन्हाळ्यात पाणी द्यावे व आठवड्यातून एकदा पाने धुवावीत.