विटांच्या मातीत तूस व राख

भाताची झोडणी आटोपली की रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण, पनवेल व कर्जत या बाजूंस, वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. कातकरी कुटुंबे भट्टीवर राहावयास येतात, खाचरांतील माती कालवली जाते आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत थापणी चालते. या व्यवहारात जमिनीचे नेमके किती जाते, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. एका विटेस सुमारे ३ किलो माती लागते. एक एकर जमिनीच्या वरच्या ६ इंचांच्या थरात ढोबळ मानाने ९ लाख किलो माती असते. म्हणजे ३ लाख विटा भाजल्या की एका एकराचा कसदार थर संपला. मातीचे पैसे एकदाच मिळतात. उघडे पडलेले खाचर पुढे कित्येक वर्षे कमी पिकते.

या मातीचा काही भाग टाकाऊ पदार्थांनी भागविता येतो. हाताशी असलेला पदार्थ म्हणजे भातगिरणीतील तूस. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस निघते व ते जाळल्यावर त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते. भट्टीवाले तूस जळण म्हणून वापरतातच. ते चिखलात कालविल्यास वीट आतूनही भाजते व कोळसा वाचतो. परंतु तूस जळून गेलेल्या जागी छिद्रे राहतात, वीट हलकी होते आणि प्रमाण वाढले तर ठिसूळ होते. राखेचे तसे नाही. चिकण मातीत ती मिसळल्यास कच्च्या विटा वाळताना कमी तडकतात.

वीजकेंद्रांतील कोळशाच्या राखेबाबत केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून, केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील भट्ट्यांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख घालणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर वाढविण्यात आले. २५ टक्के राख घातल्यास लाख विटांमागे सुमारे ७५ टन माती वाचते. उरणचे वीजकेंद्र वायूवर चालत असल्यामुळे तेथे अशी राख मिळत नाही. ती दुरून आणावयाची तर वाहतुकीचा खर्च आधी मांडून पाहावा.

रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा गाळ मात्र, कोणी फुकट आणून टाकला तरी, भट्टीवर घेऊ नये. क्रोमियम असलेला गाळ भाजल्यास ते अधिक विषारी व पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलू शकते. असा घातक कचरा तळोजे येथील विल्हेवाट केंद्रासारख्या परवानाधारक ठिकाणीच जावयास हवा. रात्री गावात असे टँकर किंवा ट्रक रिकामे होत असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

खाचराऐवजी खाडीची माती का घेऊ नये, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. तिच्यातील क्षारांमुळे भिंतीस लोणा लागतो. शिंपल्यांचे तुकडे भट्टीत भाजून त्यांचा कळीचा चुना होतो व पाणी लागताच तो फुगून वीट फोडतो. शिवाय खारबंदिस्तीच्या पायथ्याशी खणणे म्हणजे उधाणाचे पाणी शेतात बोलावणे होय.

राखेचे योग्य प्रमाण मातीगणिक बदलते. म्हणून पूर्ण भट्टी लावण्यापूर्वी निरनिराळ्या प्रमाणांच्या थोड्या विटा खुणा करून भाजून घ्याव्यात. प्रत्येक प्रकारच्या ५ पूर्ण कोरड्या विटा वजन करून २४ तास पाण्यात बुडवाव्यात व पुसून पुन्हा तोलाव्यात. साध्या विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढू नये. ३ किलोच्या विटेस ही मर्यादा ६०० ग्रॅम होते. हे काम गावच्या दुकानातील काट्यावरही होते. दाबशक्ती मात्र प्रयोगशाळेतच तपासावी लागते.

विटांची माती हे गौण खनिज असल्याने माती देण्यापूर्वी तहसील कचेरीत परवानगीची चौकशी करावी. करार लेखी असावा. खणण्याची खोली त्यात नमूद करावी, आणि वरची ६ इंच माती बाजूस काढून काम संपताच खाचरात परत पसरण्याची अट घालावी. बांध व पाण्याची वाट पूर्ववत करून देण्याची मुदत मे महिन्याच्या आतील असावी. कारण त्यानंतर पेरणीची घाई सुरू होते.