पिशवीतल्या गाठी (लेखांक ५) : चिरा न देता

गेल्या लेखात गर्भपिशवीतली गाठ (फायब्रॉइड) दुर्बिणीतून कशी काढतात ते पाहिलं. आज ना चिरा, ना टाके. सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या ध्वनिलहरी इथे उपचार करतात. मुख्य फरक असा की त्या एकवटतात. दोनशेच्या वर छोटे स्रोत गाठीतल्या एकाच बिंदूवर नेम धरतात. एकेकटी लहर कातडी, चरबी, स्नायू यांतून काही इजा न करता जाते. सगळ्या जिथे भेटतात तिथे तापमान ६० अंशांच्या वर चढतं आणि उकडत्या अंड्यासारखी पेशींतली प्रथिनं गोठतात.

कल्पना १९४० च्या दशकातली. अडलं होतं ते एवढ्यावरच, की आत किती तापलं हे बाहेरून कळायचं कसं? ते एमआरआयने सोडवलं. शरीरातल्या पाण्याचा चुंबकीय संकेत तापमानाबरोबर किंचित सरकतो. तो पकडून पडद्यावर दर काही सेकंदांनी उष्णतेचा नकाशा उमटतो. असं काम करणाऱ्या इनसाइटेक या इस्रायली कंपनीच्या यंत्राला २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फायब्रॉइडसाठी मान्यता दिली. चीनमध्ये चोंगचिंगला सोनोग्राफीवरच नेम धरणारी यंत्रं तयार झाली.

बाई एमआरआयच्या नळीत पालथी झोपते. ओटीपोटावरचे केस आधी काढलेले असतात, कारण केसांत अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा लहर अडवतो आणि कातडी भाजते. जुन्या सिझेरियनचा व्रणही तसाच त्रास देऊ शकतो. गुंगीचं औषध हलकंच देतात. मांडीत किंवा पायात कळ गेली, तर लहरी मज्जातंतूजवळ पोचल्यात हे तीच सांगू शकते. म्हणून तिच्या हातात मारा थांबवायचं बटण असतं. वीसेक सेकंद मारा, मग निवायला थोडी उसंत, असं तीन-चार तास चालतं. एरवी रोग्याला गप्प पडून राहायला सांगणाऱ्या वैद्यकात हे बटण मला फार आवडतं.

पण ‘एका दिवसात गाठ गायब’ ही जाहिरात अर्धवट खरी आहे. गाठ तिथेच राहते; मेलेला भाग शरीर महिनोन्‌महिने शोषत जातं, गाठ आकसते, अंगावरून जाणं कमी होतं. काही जणींना पुढे पुन्हा उपचार लागतात. शिवाय कोणाला फायदा होणार हे बरंचसं आधीच्या एमआरआयवर ठरतं. त्यातल्या एका ठराविक प्रकारच्या चित्रात गाठ काळी दिसली तर ती चांगली तापते. पांढरी दिसणाऱ्या गाठीत बहुधा पाणी आणि रक्तपुरवठा जास्त असतो, ती तापवणं कठीण. वाटेत आतडं आलं, तरी अवघड. आणि गाठ बाहेर येत नसल्याने तपासणीला तुकडाही मिळत नाही. कर्करोगाची शंका असेल तर हा मार्ग नकोच.

एवढ्या चाळण्या असूनही हा पर्याय बाईच्या कानावर पडला पाहिजे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्या गाठींच्या रुग्ण नव्हत्या, आणि हे महागडं यंत्र त्यांच्या तालुक्यात येणारही नाही. तरी पिशवी काढण्याच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचाराच : गाठ कुठे आहे, केवढी आहे, आणि पिशवी ठेवून काय काय करता येईल?