विद्युत अभियांत्रिकी व माहिती तंत्रज्ञान (जर्मनीतील पदवी)

विद्युत अभियांत्रिकी व माहिती तंत्रज्ञान ही जर्मनीतील विद्यापीठांत दिली जाणारी अभियांत्रिकी शाखेची संयुक्त पदवी आहे. 'इलेक्ट्रोटेक्निक उंड इन्फॉर्मात्सिओन्सटेक्निक' हे तिचे मूळ जर्मन नाव असून 'ईटीआयटी' हे संक्षिप्त रूपही वापरात आहे. म्युनिक, डार्मश्टाट, कार्ल्सरूह आदी ठिकाणच्या तांत्रिक विद्यापीठांत ती बी.एस्सी. व एम.एस्सी. अशा दोन टप्प्यांत शिकवली जाते. आखन येथे हाच विषय किंचित वेगळ्या व अधिक लांब नावाने शिकवला जातो. या पदवीच्या नावातील 'माहिती तंत्रज्ञान' या शब्दांचा अर्थ भारतातील प्रचलित अर्थापेक्षा वेगळा आहे. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रमाविषयी गैरसमज होण्याचा संभव असतो.

नावाचा अर्थ

'इलेक्ट्रोटेक्निक' या जर्मन संज्ञेत विद्युतशक्तीची निर्मिती व वहन यांबरोबरच इलेक्ट्रॉनिक्सचाही समावेश होतो. वीजकेंद्रातील जनित्र आणि भ्रमणध्वनीतील सूक्ष्म चिप हे दोन्ही तिच्याच कक्षेत येतात.

'इन्फॉर्मात्सिओन्सटेक्निक' ही संज्ञा तारायंत्र, दूरध्वनी व रेडिओ यांच्या अभ्यासातून, म्हणजेच संदेशवहन अभियांत्रिकीतून विकसित झाली आहे. संदेशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणे, तो संकेत गोंगाटातून शाबूत पोहोचवणे, साठवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे हा तिचा विषय होय. आज्ञावलीलेखन, विदागार, संगणकाची कार्यप्रणाली इत्यादींचा सविस्तर अभ्यास जर्मनीत 'इन्फॉर्माटिक' या स्वतंत्र पदवीत होतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'आयटी' म्हणून ओळखली जाणारी शाखा जर्मन 'इन्फॉर्माटिक'च्या अधिक जवळ आहे. प्रस्तुत पदवीचे साम्य 'इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार' म्हणजे 'ई अँड टीसी' या शाखेशी अधिक आहे.

इतिहास

१८४७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी बर्लिन येथे तारायंत्रे बनवणारा कारखाना सुरू केला. विद्युत अभियंत्यांची गरज वाढत गेल्यावर १८८२ मध्ये डार्मश्टाट येथे विद्युत अभियांत्रिकीचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले व त्यावर एरास्मुस किटलर यांची नेमणूक झाली. पुढे १८८६ ते १८८८ या काळात हाइनरिश हर्ट्झ यांनी कार्ल्सरूह येथे विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले आणि बिनतारी संदेशवहनाचा पाया घातला गेला.

'इन्फॉर्माटिक' हा शब्द १९५७ मध्ये कार्ल श्टाइनबुख यांनी वापरात आणला. श्टाइनबुख हे स्वतः संदेशवहन क्षेत्रातील अभियंते होते. संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी जर्मन विद्यापीठांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होऊ लागली. संगणकशास्त्र असे वेगळे निघाले, तरी संकेत, दळणवळण व सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स यांचा अभ्यास मूळ विद्याशाखेकडेच राहिला. संगणकयुगात या अभ्यासाचे महत्त्व वाढले तसा विद्याशाखांच्या नावांत 'माहिती तंत्रज्ञान' हा दुसरा भाग जोडला गेला.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर 'डिप्लोम' या जुन्या पदवीची जागा बहुतेक ठिकाणी बी.एस्सी. व एम.एस्सी. यांनी घेतली. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाने मात्र विद्युत अभियांत्रिकीत १० सत्रांची 'डिप्लोम' पदवी चालू ठेवली आहे.

अभ्यासक्रम

विद्यापीठातील बी.एस्सी. अभ्यासक्रम सामान्यतः ६ सत्रांचा व १८० श्रेयांकांचा, तर एम.एस्सी. ४ सत्रांचा व १२० श्रेयांकांचा असतो. 'फाखहोखशूले' या उपयोजनावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांत बी.एस्सी. बहुधा ७ सत्रांची असते. एका श्रेयांकासाठी सुमारे ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे ३० श्रेयांकांच्या एका सत्रासाठी सुमारे ९०० तास होतात. यांत व्याख्यानांबरोबर घरी केलेला अभ्यासही मोजला जातो.

पहिल्या वर्षी उच्च गणित, भौतिकशास्त्र, विद्युत परिपथ, अंकीय तंत्र व प्राथमिक आज्ञावलीलेखन हे विषय असतात. कलन, रैखिक बीजगणित व संमिश्र संख्या यांचा वापर परिपथांच्या विश्लेषणात पहिल्या सत्रापासूनच करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विद्युतचुंबकीय क्षेत्रे, संकेत व प्रणाली, अर्धसंवाहक, मापनतंत्र, नियंत्रण अभियांत्रिकी आणि संभाव्यता यांचा अभ्यास होतो. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी ऊर्जा, स्वयंचलन, संदेशवहन, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स अथवा संगणक अभियांत्रिकी यांपैकी एका दिशेने वळतो. शेवटी एक लघुप्रबंध लिहावा लागतो. अनेक ठिकाणी कारखान्यातील प्रत्यक्ष कामाचा अनुभवही अनिवार्य असतो.

पदवीतील दोन अंगे एकत्र कशी येतात, याचे परिचित उदाहरण म्हणजे ध्वनी साठवण्याची 'एमपी३' पद्धत. सीडीवरील संगीतात प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा व वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एमपी३ पद्धतीत सेकंदाला १,२८,००० बिट वापरले, तर हा साठा सुमारे ११ पटींनी कमी होतो. कानाला जे ऐकू येत नाही ते वगळायचे, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे. त्यासाठी ध्वनीचे विद्युत दाबात रूपांतर, नमुने घेण्याचे गणित, वारंवारतांचे विश्लेषण, सांकेतिकीकरण आणि हे सर्व वेळेत करणारी चिप या साऱ्यांचे ज्ञान लागते. एर्लांगन येथे या पद्धतीच्या विकासात प्रमुख वाटा असणाऱ्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी विद्युत अभियांत्रिकी व गणित या दोन्ही विषयांत पदवी घेतली होती.

परीक्षापद्धती

या पदवीला अनेक विद्यापीठांत जागांची मर्यादा नसते. आवश्यक पात्रता असणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळू शकतो. भारतात विद्यार्थ्याची कसोटी प्रवेशपरीक्षेत लागते, तर जर्मनीत ती प्रवेशानंतरच्या पहिल्या दोन-तीन सत्रांत लागते.

व्याख्यानांना उपस्थितीची सक्ती सहसा नसते. भारतातील अंतर्गत गुणांसारखी व्यवस्थाही बहुतांश विषयांत नसते आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या एकाच लेखी परीक्षेवर निकाल ठरतो. दर आठवड्याला मिळणारी उदाहरणे सोडवली अथवा न सोडवली, याची विचारणा अनेकदा कोणी करत नाही. त्यामुळे अभ्यासात मागे पडल्याचे विद्यार्थ्याच्या उशिरा लक्षात येते. गुणश्रेणी १.० ते ५.० अशी असून १.० ही सर्वोत्तम, तर ४.० ही उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी होय.

एका विषयाची परीक्षा साधारणपणे ३ वेळाच देता येते. अनिवार्य विषयात अखेरच्या प्रयत्नातही अपयश आल्यास विद्यार्थ्याचे नाव अभ्यासक्रमातून कमी होते आणि जर्मनीतील अन्य विद्यापीठांतही त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणे सामान्यतः बंद होते. काही विद्यापीठे प्रयत्नांची संख्या न ठरवता ठरावीक सत्रांत ठरावीक श्रेयांक मिळवण्याचे बंधन घालतात. परदेशी विद्यार्थ्याचा निवास परवाना शिक्षणाच्या उद्देशाशी जोडलेला असल्याने अशा अपयशाचा परिणाम त्याच्या वास्तव्यावरही होतो.

गणिताची पूर्वतयारी व्हावी म्हणून बहुतेक विद्यापीठे सत्रारंभापूर्वी काही आठवड्यांचा 'फोरकुर्स' हा वर्ग चालवतात. संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याला विषय बदलण्याचाही मार्ग असतो, परंतु तो अखेरच्या प्रयत्नापूर्वी स्वीकारणे हिताचे ठरते.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी प्रवेश

केवळ बारावीच्या गुणांवर भारतीय विद्यार्थ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे, मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठात संबंधित विषयाचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे, किंवा जर्मनीतील 'श्टुडियनकोलेग' या पूर्वतयारी संस्थेत एक वर्ष शिकून तेथील परीक्षा उत्तीर्ण होणे, हे प्रमुख मार्ग आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना विद्यार्थी व्हिसासाठी सामान्यतः 'एपीएस' या संस्थेचे शैक्षणिक कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे.

बी.एस्सी.चे अध्यापन प्रामुख्याने जर्मन भाषेत होते. एम.एस्सी.चे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीतही उपलब्ध आहेत. म्हणून भारतात बी.ई. अथवा बी.टेक. करून एम.एस्सी.साठी जर्मनीत जाण्याचा मार्गही अनेक विद्यार्थी निवडतात. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील माक्स म्युलर भवनांत जर्मन भाषेचे वर्ग चालतात.

खर्च

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, केवळ सत्रागणिक अंशदान भरावे लागते. बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याने २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो शुल्क लागू केले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी सत्रामागे बी.एस्सी.ला २,००० किंवा ३,००० युरो व एम.एस्सी.ला ४,००० किंवा ६,००० युरो असे शुल्क सुरू केले.

निर्वाहाच्या खर्चाची हमी म्हणून एका वर्षाची रक्कम विशिष्ट प्रकारच्या बँक खात्यात ठेवावी लागते व ती दरमहा हप्त्याने काढता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, इतकी करण्यात आली. ही रक्कम साठवण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबांना बऱ्याचदा कर्ज काढावे लागते. परिणामी, एखादे सत्र वाया जाणे ही अशा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आर्थिक बाबही ठरते.

पदवीनंतर

पदवीधरांना मोटारउद्योग, सूक्ष्म चिपनिर्मिती, वीजपुरवठा, वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार इत्यादी क्षेत्रांत काम मिळते. युरोपीय संघाबाहेरील पदवीधरांना शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत १८ महिने राहण्याची परवानगी मिळू शकते. बी.एस्सी.नंतर नोकरी करता येत असली, तरी विद्यापीठांतील विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर एम.एस्सी. पूर्ण करूनच व्यवसायात उतरतात.

ज्याला प्रामुख्याने आज्ञावलीलेखनाची आवड आहे त्याच्यासाठी 'इन्फॉर्माटिक' ही पदवी अधिक अनुरूप ठरते. गणित व भौतिकशास्त्र यांच्या आधारे यंत्र आणि माहिती या दोहोंचे मूळ समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी प्रस्तुत संयुक्त पदवी उपयुक्त आहे.

हे सुद्धा पाहा

इलेक्ट्रॉनिक्स
संगणकशास्त्र
माहिती सिद्धांत
हाइनरिश हर्ट्झ