माळ्यावरचा टीव्ही आणि नाल्याकाठचा धूर

अशोक विजयादशमीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हटले की माळा रिकामा होतो. जळालेला मिक्सर, डब्यासारखा जुना टीव्ही, बटणांचे दोन-तीन मोबाइल, चार्जरच्या वायरींचा गुंता, उडालेले सीएफएल बल्ब. दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवायचे कुठे? गोणीत भरायचे आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकायचे. वर चार पैसेही मिळतात.

आरोग्याच्या पानावर भंगाराची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. कारण ती गोणी फार लांब जात नाही. संध्याकाळी नाल्याकाठी किंवा रुळांच्या कडेला वायरींचा ढीग पेटलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. वरचे प्लॅस्टिक जळून जाते, आत तांबे उरते, ते किलोवर विकले जाते. वायरीवरचे हे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते. ते उघड्यावर जळले की घसा व डोळे चुरचुरवणारा आम्लाचा धूर निघतो, आणि त्याबरोबर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये. डायॉक्सिनमुळे कर्करोगाचा धोका वाढतो आणि ते शरीरातून लवकर जात नाही. धूर विरला तरी राख उरते. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, ओट्यावर, अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर बसते.

जुन्या डबा टीव्हीचे प्रकरण आणखी वाईट. त्याच्या काचेच्या नळीत एक किलोहून अधिक शिसे असू शकते. नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, तेवढ्यासाठी टीव्ही फोडला जातो. तांबे जाते, काच तिथेच पडून राहते. जुन्या सर्किटवरच्या डागकामातही शिसे असते.

शिशाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, रक्त कमी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेत अशा मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात आणि घरचेही तेच खरे मानतात. आपल्या लोकांनी शिक्षणासाठी काय सोसले आहे ते पाहता हे नुकसान आम्हाला सर्वांत मोठे वाटते. ते भरूनही येत नाही. गरोदर बाईच्या हाडांत साठलेले शिसे गर्भापर्यंत पोहोचते. घरात कोणी भंगाराचे काम करत असेल आणि मुलात अशी लक्षणे दिसत असतील, तर डॉक्टरांना ‘रक्तातले शिसे तपासायचे का?’ असे स्पष्ट विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शंभर मिलिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे निघाले, तर ते कुठून येते हे शोधून थांबवायला हवे. कामावरचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. नाचणी, पालेभाज्या, डाळी ताटात असाव्यात, कारण लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक मुरते.

भंगारवाल्याला आम्ही दोष देत नाही. कचरा वेचणारे, तोडणारे हात बहुतेक आपल्याच वस्त्यांतले आहेत. जातीने वाट्याला आणलेले काम ते करतात, हातमोजेसुद्धा न मिळता. वस्तू विकून मोकळ्या होणाऱ्या कंपन्यांना मात्र जबाब विचारायला हवा. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 2022 साली निघाले आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांत 100 हून अधिक प्रकारची उपकरणे येतात, आणि ती नोंदणीकृत केंद्रात मोडली जातील हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

म्हणून काही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत जुन्या वस्तू टाकायला पेटी असते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन असेल तर जुने देऊन नवे घ्यायची सवलत मिळते, घरून उचलूनही नेतात. अर्थात नवे घ्यायचे असेल तरच. नुसते जुने द्यायचे असेल तर वस्तूवर नाव असलेल्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून जवळचे जमा केंद्र विचारावे.

आम्ही दोन-तीन दुकानांत जाऊन पाहिले. एका ठिकाणी दारावरच्या सुरक्षारक्षकाने पिशवीकडे बघूनच ‘इथे भंगार घेत नाहीत’ म्हटले. आत मॅनेजरला विचारल्यावर पेटी बिलाच्या काउंटरमागून निघाली. तेव्हा दारात संकोचू नये. ‘ई-वेस्ट द्यायचे आहे’ असे सरळ सांगावे, मोठी वस्तू दिली तर पावती मागावी. मोबाइल देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, आधार-बँकेचे फोटो पुसून फोन रीसेट करावा.

पैशांचे गणितही आहे. चालू कॉम्प्रेसरचा फ्रिज फुकट द्या, असे आम्ही म्हणणार नाही. तो दुरुस्त करून वापरणाऱ्याला विकावा. पण ज्याला भंगारातही भाव नाही, ते तरी नाल्याकडे जाऊ नये: चार्जर, हेडफोन, बल्ब, बॅटऱ्या.

बल्ब आणि बॅटऱ्या घेता का, हे मात्र आधी विचारून जावे. सगळीकडे घेत नाहीत. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. तो घरात फुटला तर मुलांना बाहेर काढून दार-खिडकी दहा मिनिटे उघडी ठेवावी. झाडू मारू नये, त्याने पारा पसरतो. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावेत, बारीक भुगा ओल्या कागदाने टिपावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत ठेवावे. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, परत चार्जिंगला लावू नये. ती पेट घेते. सुटी असेल तर कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर सावलीत ठेवावी आणि लवकरात लवकर जमा करावी.

एका चार्जरसाठी रिक्षाचे भाडे कोण घालणार? त्यासाठी विहारात एक खोका ठेवता येईल. महिला मंडळाने तीन महिन्यांतून एकदा तो दुकानात पोहोचवावा, किंवा माल भरपूर साठला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या नोंदणीकृत केंद्राला फोन करून गाडी येते का विचारावे. बल्ब, बॅटऱ्या आणि फुटकी काच त्या खोक्यात नको, कारण त्याच खोलीत संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो.