पेण-रोह्याच्या दमट हवेत एसी कितीवर ठेवावा?

पेण-रोह्याकडे उन्हाळ्यात जीव नकोसा होतो तो नुसत्या उन्हाने नव्हे, दमट हवेने. घाम वाळत नाही, अंग चिकचिकते आणि एसी थेट १८ वर जातो. त्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर त्याच वेगाने, फक्त जास्त वेळ चालतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून स्टार मानांकनाच्या नव्या एसींना मुळात २४ अंशांचे सेटिंग बंधनकारक आहे.

आपल्याकडे खरी मेख बाष्पाची. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन साचते आणि नळीतून बाहेर टपटपते. पण साधा एसी ठरलेल्या तापमानाला कॉम्प्रेसर थांबवतो, आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरची ओल पुन्हा खोलीत येते. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून चालू राहतो, त्यामुळे कोकणात तोच घ्यावा असे माझे मत आहे. पावसाळी उकाड्यात ‘ड्राय’ मोड लावा. त्यात पंखा मंद होतो आणि ओल जास्त खेचली जाते. सोबत छताचा पंखा हळू ठेवला तर २६ वरही बहुतेकांना छान झोप लागते.