विश्लेषण : मोबाइलवर पोपट-कासवांचा बाजार, जबाबदारी विक्रेत्याची की प्लॅटफॉर्मची?

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या कासवाचा फोटो. खाली ओळ, 'घरात ठेवा, बरकत येते. भावासाठी मेसेज करा.' समाजमाध्यमांवर अशी पोस्ट दिसली की अनेकजण लाइक करून पुढे जातात. प्रत्यक्षात हे स्टार कासव विकणे, विकत घेणे आणि घरात पाळणे हा गुन्हा आहे. मग ही पोस्ट हजारो लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीची जबाबदारी काय?

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. स्टार कासव आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपटही संरक्षित आहे. 'माहीत नव्हते' म्हणून सुटका होत नाही.

फसवणूकही होते. 'हाथाजोडी' नावाने विकली जाणारी 'दुर्मीळ मुळी' ही वनस्पती नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ही विक्री ऑनलाइन राजरोस चालत असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले होते.

हा बाजार चालतो कसा?

पोस्टमध्ये सहसा भाव नसतो, 'विक्री' हा शब्दही नसतो. असतात ते सांकेतिक शब्द, इमोजी आणि फोटो. त्यामुळे केवळ शब्द शोधणाऱ्या फिल्टरला ही पोस्ट सापडत नाही. पुढचे बोलणे खासगी चॅटवर होते आणि आगाऊ रक्कम यूपीआयने घेतली जाते. खाते बंद केले तर विक्रेता नव्या नावाने परत येतो. दुसरीकडे, अशा दोन पोस्ट पाहिल्या की अल्गोरिदम तिसरी आपणहून समोर आणतो.

कंपन्या कशाच्या आधारे हात झटकतात?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार, वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ कंपनीला सहसा जबाबदार धरता येत नाही. यालाच 'सेफ हार्बर' म्हणतात. मात्र ते बिनशर्त नाही. बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' मिळूनही तो हटवला नाही तर हे संरक्षण जाते. श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रत्यक्ष माहिती'चा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना असा लावला. २०२१ च्या नियमांनी त्यानंतर मजकूर हटवण्यास सुरुवातीला ३६ तासांची मुदत घातली होती. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना अनुपालन अधिकारी नेमणेही बंधनकारक केले.

अडचण इथेच आहे. आदेश येईपर्यंत कासव विकले गेलेले असते.

आधीच रोखणे शक्य आहे का?

याचे उदाहरण भारतातच आहे. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातींबाबत सर्वोच्च न्यायालयात सुरू असलेल्या खटल्यात गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०१६ मध्ये ठरावीक शब्दांवरील जाहिराती आपोआप रोखण्याचे मान्य केले. युरोपीय महासंघाच्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या कंपन्यांना धोक्यांचे मूल्यमापन सक्तीचे आहे. उल्लंघन झाल्यास जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी बाजूही आहे. दंडाच्या भीतीने कंपन्या सरसकट पोस्ट उडवू लागल्या, तर पक्षिनिरीक्षकाचा फोटो किंवा शिकारीविरोधातील बातमीही गायब होऊ शकते. त्यामुळे मशीनने शोधावे, निर्णय माणसाने घ्यावा आणि अपिलाची सोय असावी, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

तुम्ही काय करावे?

• पोस्ट शेअर करू नका. निषेधाच्या शेअरनेही ती आणखी पसरते.
• लिंक आणि खात्याच्या नावासह स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपमध्ये 'रिपोर्ट' करा. पोस्ट हटली तर पुरावाही जातो.
• महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
• विक्रेत्याला पकडण्यासाठी स्वतः ऑर्डर देऊ नका. प्राणी ताब्यात आला की तुम्हीही अडचणीत येऊ शकता.
• घरात असे कासव किंवा पोपट असेल तर परस्पर सोडून देऊ नका, वन विभागाशी बोला.